आजोबांपर्यंतचा चढ

"मी ब्रेक दाबून धरलाय. कुणी घाबरायचं नाही आणि कुणी खालीही उतरायचं नाही," मावशी मागे न बघता म्हणाल्या. आवाज त्यांनी शांत ठेवला होता, पण उजव्या पायाची पोटरी दगडासारखी ताठ झाली होती.

गाडी ऐन चढावर अडकली होती. एकदम बंद पडली नव्हती. विझत विझत थांबली होती. पायथ्यापासून जोमाने निघाली, पहिल्या वळणावर तिला धाप लागली, दुसऱ्या वळणावर ती मुंगीच्या पावलांनी सरकायला लागली आणि तिसऱ्याच्या अलीकडे तिने मान टाकली. बॅटरीवर चालणारी, गोल्फच्या मैदानावर असते तसली उघडी, छपराची गाडी. सहा जणांची. एक मावशी आणि पाच पाहुणे.

पाहुण्यांत आज एक निवृत्त शिक्षक होते. चालताना लागणारा वॉकर त्यांनी दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरला होता. शेजारी त्यांची मुलगी. बागेच्या फाटकापाशी गाडीत बसतानाच त्यांनी मावशींना सांगितलं होतं, "पस्तीस वर्षं मी हे झाड फळ्यावर काढून दाखवलं मुलांना. पुस्तकातल्या चित्रावरून. खरं कधी पाहिलंच नाही."

"आज बघाल की," मावशी म्हणाल्या होत्या.

आता ते पुढे झुकून हळूच विचारत होते, "इथून निदान शेंडा तरी दिसतो का हो?"

थाप मारणं सोपं होतं. वर हिरवं रान होतं, कुठलंही एक टोक दाखवलं असतं तरी त्यांनी मान डोलावली असती. पण मावशींना ते जमेना. "नाही दिसत, गुरुजी. तिसरं वळण गेल्याशिवाय काहीच दिसत नाही."

"असू दे," गुरुजी म्हणाले आणि मागे टेकले.

मावशींनी मान वळवून, एकेक वीत ब्रेक सोडत, गाडी उलटी खाली आणली. पंधरा मिनिटं लागली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. सगळ्यांनी त्यांचं कौतुक केलं, पण ते 'असू दे' त्यांच्या काळजात काट्यासारखं रुतून बसलं.

त्या बागेचा विस्तार एवढा होता की पायी फिरायला अख्खा दिवस पुरत नसे. अगदी टोकाला, टेकाडावर, ते झाड होतं. त्याचं लांबलचक शास्त्रीय नाव पाटीवर होतं, ते कुणी वाचत नसे. बागेतली सगळी माणसं त्याला आजोबा म्हणत. वय किती, यावर तज्ज्ञांचं एकमत नव्हतं. कुणी सातशे म्हणे, कुणी नऊशे. बुंध्याला मिठी मारायची तर अकरा माणसांना हात धरून उभं राहावं लागे.

मावशी एकोणिसाव्या वर्षी तण काढायच्या कामावर लागल्या तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांना वर पाठवलं होतं. त्या खुरपं घेऊन चढल्या, वळण ओलांडलं आणि तशाच उभ्या राहिल्या. समोर आधी भिंत आहे असंच वाटलं. मग ती भिंत वर गेली, फुटली, पसरली आणि त्यांच्या डोक्यावर दुसरं आभाळ झाली. मुकादम बाई ओरडेपर्यंत त्यांना हातातल्या खुरप्याचं भान नव्हतं. पुढे कित्येक वर्षांनी बागेने ही गाडी घेतली. माळ्यांनी 'खेळण्यातली गाडी' म्हणून नाक मुरडलं, तेव्हा मावशी पुढे झाल्या. अकरा वर्षं झाली त्याला. वर नेलेला प्रत्येक माणूस तिसऱ्या वळणानंतर गप्प होतो, हे त्या रोज बघत होत्या आणि त्यांना त्याचा कंटाळा आला नव्हता. वाटभर तोंडाचा पट्टा चालू असलेली माणसं गप्प होत. भांडत आलेली नवराबायको गप्प होत. रडणारं मूलसुद्धा एकदा वर बघत गप्प झालं होतं.

बागेच्या प्रमुख मॅडम तरुण होत्या, झाडांचं शिकून आलेल्या. त्यांनी मावशींना ऑफिसात बसायला खुर्ची दिली.

"मावशी, वरून हुकूम आलाय. पाहुणे घेऊन चढावर पुन्हा गाडी अडकली तर तो मार्गच बंद. मग गाडी फक्त खालच्या सपाट रस्त्यावर. ज्याला चालता येतं तो आजोबा बघेल, बाकीच्यांनी फोटो बघायचा."

"बॅटऱ्या संपल्यात मॅडम. सहाच्या सहा. मी दर सोमवारी पाणी घालते, पण एकीचं पोट फुगलंय, दोघींच्या आतल्या पट्ट्या पांढऱ्या पडल्यात. आता पाणी घालून काही होणार नाही."

"नव्या घेऊ. पण कुठल्या? बॅटरीवाला दोन प्रकार सांगतोय. आपल्या आहेत तशा शिशाच्या, नाहीतर नवीन निघालीये ती लिथियमची पेटी. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही." मॅडमनी कागद मावशींच्या पुढे सरकवले. "तुम्ही ठरवा. तुम्ही म्हणाल ती."

मावशींनी मागे वळून पाहिलं. दारात दुसरं कुणी उभं आहे की काय, असं त्यांना वाटलं होतं. साडेतीन दशकांच्या नोकरीत 'तुम्ही ठरवा' हे शब्द त्यांना कुणी म्हटले नव्हते.

दुसऱ्याच दिवशी बॅटरीवाला आला. कानावर पेन्सिल, बोलण्यात साखर. त्याने टेम्पोतून एक राखाडी पेटी उतरवली ती एकट्याने. मावशींनी हात लावून पाहिला, मग दोन्ही हातांनी उचलून पाहिली. एक कोपरा उचलला गेला!

"ही एकटी? सहांच्या जागी?"

"एकटी, मावशी. पाणी नाही, तेजाब नाही, वास नाही. चार तासांत भरते. तुमच्या त्या सहा जणी मिळून तीन माणसांच्या वजनाच्या. म्हणजे इतकी वर्षं तुम्ही पाच पाहुणे नेत नव्हता, आठ नेत होता. त्यातले तीन फुकटे!"

मावशी हसल्या, पण मनात चकित झाल्या. त्या सहा धुडांना त्यांनी पाणी पाजलं होतं, त्यांच्या तोंडावरची बुरशी पुसली होती, आणि त्यांचंच ओझं गाडी दिवसातून सहा वेळा वर चढवत होती हे कधी ध्यानातच आलं नव्हतं.

पेटी बसवली. चार माळी आणि बॅटरीवाला, अशी भरलेली गाडी निघाली. सपाटीवर ती अशी पळाली की मावशींची टोपी उडायची बाकी राहिली. पहिलं वळण लोण्यासारखं गेलं. दुसरं गेलं. मग सगळ्यात खडा टप्पा लागला, मावशींनी पाय दाबला, आणि दिवा मालवावा तशी गाडी गप्प झाली. ना धाप, ना कुरकुर. काटा भरलेल्या टाकीचा, आणि गाडी ठप्प.

"ब्रेक! ब्रेक!" बॅटरीवाला किंचाळला.

"दाबलाय," मावशी म्हणाल्या.

गंमत म्हणजे खाली आणेपर्यंत गाडी आपोआप पुन्हा चालू झाली. बॅटरीवाल्याच्या कपाळावर घाम होता. तो कधी पेटीकडे बघे, कधी चढाकडे. माळ्यांनी मात्र निकाल देऊन टाकला. "नवं ते सगळं दिखाऊ. आपल्या शिशाच्याच बऱ्या. जड असतील, पण दगा देत नाहीत." मॅडमनी मावशींकडे पाहिलं. मावशी म्हणाल्या, "उद्या सांगते."

संध्याकाळी त्या घरी आल्या तेव्हा यजमान खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. गल्लीत त्यांना सगळे ड्रायव्हरसाहेब म्हणत. तीस वर्षं त्यांनी घाटातून बस चालवली होती. मग कमरेने असहकार पुकारला, आणि आता घरातल्या घरात फिरायलाही काठी लागत होती. मावशींच्या गाडीची त्यांनी अकरा वर्षं यथेच्छ टिंगल केली होती. "आमच्या बसच्या डिकीत तसल्या दोन बसतील," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बघायला मात्र ते कधी आले नव्हते. आधी तोरा होता म्हणून, नंतर कंबर होती म्हणून.

मावशी भाजी निवडता निवडता सगळं सांगत गेल्या. ड्रायव्हरसाहेब आधी खिडकीबाहेर बघत ऐकत होते. मग त्यांनी खुर्ची वळवली.

"थांब. परवा गुरुजी होते तेव्हा कशी बंद पडली? हळूहळू की पटकन?"

"हळूहळू. दम जात जात."

"आणि आज?"

"पटकन. कुणी बटण दाबावं तशी."

"खाली आल्यावर?"

"आपली आपण चालू झाली. काहीच झालं नसल्यासारखी."

ड्रायव्हरसाहेबांची बोटं खुर्चीच्या हातावर ताल धरत होती. "परवा टाकी रिकामी होती," ते म्हणाले. "आज टाकी भरलेली होती, पण नळ कुणीतरी बंद केला."

"कोण बंद करणार? गाडीत आम्हीच होतो."

"ते त्या बॅटरीवाल्याला विचार. अगं, घाटात गाडी निवडताना टाकी केवढी हे बघतच नाहीत. खड्या चढाला, भरलेल्या गाडीला, एका दमात किती जोर लागतो आणि तेवढा ती देते का, ते बघतात. त्याने तुला फक्त टाकीचं माप सांगितलं असणार."

मावशींच्या हातातली भाजीची काडी तशीच राहिली. कागदावर ठळक अक्षरांत टाकीचंच माप होतं. किती तास, किती किलोमीटर. जोराचं कुणी काही बोललंच नव्हतं.

"तुम्हाला हे कसं सुचलं हो?"

"सुचायचं काय त्यात? तीस वर्षं तेच तर केलं," ते म्हणाले आणि पुन्हा खिडकीबाहेर बघू लागले. पण कान लाल झाले होते.

सकाळी बॅटरीवाला आला तेव्हा तो आधीच पडेल चेहऱ्याने शिशाच्या बॅटऱ्यांचा कागद काढत होता. मावशींनी त्याच्या हातावर हात ठेवला.

"मला एक सांगा. ह्या पेटीत नळ बंद करणारं कोण आहे?"

"काय?"

"भरलेली असून बंद पडली. आत कुणीतरी राखणदार आहे का, जो म्हणतो, बास, याच्यापेक्षा जास्त ओढू देणार नाही?"

बॅटरीवाल्याने कानावरची पेन्सिल काढली, पुन्हा ठेवली. "आहे. पेटी तापू नये म्हणून आत एक यंत्रणा असते. एका हद्दीपलीकडे ओढलं की ती वीज तोडते." त्याचा आवाज हळू झाला. "रात्री मी पण तोच विचार करत होतो. पण मावशी, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"आमच्याकडे एक घाटातले इंजिनियर आहेत. आता हद्द किती ते सांगा."

तो आकडा, अँपिअरमध्ये, पेटीच्या कुशीवर बारीक अक्षरांत होता. गुडघे टेकून वाचावा लागला. शंभर. मग बॅटरीवाल्याने गाडीच्या मोटारीला मीटर लावलं आणि मावशींनी पाच माळी घेऊन, जुन्याच बॅटऱ्या पुन्हा बसवून आणि कशाबशा भरून, खड्या टप्प्याच्या पहिल्या दहा पावलांपुरता जोर लावला. मीटरचा काटा शंभर ओलांडून गेला, दोनशे ओलांडून गेला आणि अडीचशेच्या पुढे थरथरत राहिला. बॅटरीवाला तोंडाचा आ करून बघत राहिला. "एवढं ओढते ही? एवढीशी गाडी?"

"रोज ओढते," मावशी म्हणाल्या. त्यांनाही तो आकडा पहिल्यांदाच दिसत होता. आपल्या पायाखाली एवढं काही घडत असतं आणि त्याचा आवाजही होत नाही, या विचाराने त्यांच्या अंगावर शहारा आला.

"मग तीनशेवाली हवी," बॅटरीवाला म्हणाला. "आहे. जरा मोठी, जरा महाग. पण शनिवारी आणतो. आणि आधी चालवून बघा, मग हो म्हणा."

शनिवारी चाचणीला गाडी पूर्ण भरलेली हवी होती. मॅडम, बॅटरीवाला, दोन माळी. पाचवा म्हणून यायचा तो माळी नेमका सुट्टीवर. "खताचं पोतं ठेवू," कुणीतरी म्हणालं.

मावशी शुक्रवारी रात्री घरी म्हणाल्या, "उद्या एक माणूस कमी पडतंय. वजनासाठी."

"मग?"

"तुम्ही या."

"मी? वजन म्हणून?"

"पोत्यापेक्षा बरे. पोतं बोलत नाही."

ड्रायव्हरसाहेबांनी भुवया चढवल्या. नाही म्हणण्यासाठी तोंडही उघडलं. मग काय वाटलं कुणास ठाऊक, म्हणाले, "इस्त्रीचा शर्ट आहे का बघ."

शनिवारी सकाळी त्यांना गाडीत बसवायला दोन माळी लागले. मावशींच्या शेजारची जागा त्यांना दिली. बसता बसता त्यांनी सगळं न्याहाळून घेतलं. गिअर नाही, क्लच नाही. एक चाक, दोन पेडल. "झालं? एवढंच?" ते म्हणाले. मागचे हसले. मावशींनी किल्ली फिरवली.

"सुरू कर की," ड्रायव्हरसाहेब म्हणाले.

"सुरू आहे."

गाडी निघाली होती. त्यांनी कान टवकारले. चाकांखाली वाळकी पानं चुरत होती, कुठेतरी एक पक्षी एकच सूर पुन्हा पुन्हा लावत होता, आणि याखेरीज काहीही नव्हतं. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. समोर खडा टप्पा उभा राहिला आणि मावशींना दिसलं की यजमानांचा डावा हात मांडीवरून उचलला गेलाय, मूठ वळलीये. घाटात गिअर बदलायची वेळ झाली होती, आणि हात आपसूक गिअरचा दांडा शोधत होता. तिथे दांडा नव्हता. मागे बॅटरीवाल्याने डोळे मिटून घेतले होते.

मावशींनी पाय दाबला.

गाडी चढत राहिली. सगळ्या माणसांचं वजन घेऊन, धाप न लागता, कुणी पाठीवर हात ठेवून अलगद वर न्यावं तशी. मावशींना तळपायाखाली तो जोर जाणवत होता. अखंड, न तुटणारा. आता तुटेल, आता तुटेल म्हणता म्हणता खडा टप्पा मागे पडला.

"बंद आहे की चालू आहे गं ही?" ड्रायव्हरसाहेब कुजबुजले.

"चढलो आपण."

आणि तिसरं वळण आलं.

ड्रायव्हरसाहेबांनी आधी समोर पाहिलं, मग वर, मग आणखी वर. टोपी मागे सरकली तसा त्यांनी ती काढून हातात घेतली. सकाळचं ऊन वरच्या पानांत अडकलं होतं आणि खाली यायला त्याला बराच वेळ लागत होता. मुळं जमिनीतून उठून पुन्हा जमिनीत शिरली होती. एकेक मूळ माणसाच्या छातीएवढं उंच. मागे मॅडम, ज्यांनी हे झाड शंभरदा पाहिलं होतं, त्याही बोलल्या नाहीत. वाऱ्याची एक झुळूक आली तेव्हा ती एका बाजूच्या पानांत सुरू झाली आणि दुसऱ्या बाजूपर्यंत पोचायला तिला चार श्वास लागले.

कितीतरी वेळाने ड्रायव्हरसाहेब म्हणाले, "तू रोज येतेस इथं?"

"दिवसातून सहा वेळा."

"अकरा वर्षं?"

"हो."

त्यांनी झाडावरची नजर काढून मावशींकडे वळवली. लग्नाला बत्तीस वर्षं झाली होती. आपल्या तोंडाला काही लागलंय की काय, अशा शंकेने मावशींनी पदराने गाल पुसला.

"आणि घरी येऊन भाजी निवडत बसतेस," ते म्हणाले. "काही बोलत नाहीस."

"तुम्ही कुठे विचारलंत?"

मागून मॅडम खाकरल्या. "मावशी, मग हीच घ्यायची ना?"

"हीच. पण कागदावर जोराचा आकडा लिहून घ्या, टाकीचा नुसता नको. पुढे कुणी दुसरी आणेल तेव्हा त्याला कळायला हवं." मग जराशा थांबून त्या म्हणाल्या, "आणि गुरुजींना फोन करा. मी त्यांना घरून घेऊन येईन म्हणावं."

"केला कालच," मॅडम म्हणाल्या. "मंगळवारी येतायत."

बॅटरीवाला तोवर खाली उतरून झाडापाशी गेला होता. दोन्ही हात बुंध्यावर टेकून, मान मागे टाकून उभा होता. विक्री झाल्याचं त्याला दोनदा हाक मारून सांगावं लागलं.

उतरताना मावशींनी गाडी सावकाश सोडली. तिसऱ्या वळणाशी रस्ता खाली कोसळल्यासारखा दिसला आणि ड्रायव्हरसाहेबांचा उजवा पाय पुढे झाला, नसलेल्या ब्रेकवर दणकन आपटला. कमरेत कळ गेली असणार; त्यांनी ओठ दाबले. मावशींनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. दुसऱ्या वळणावर पाय पुन्हा हलला, पण नुसता टेकला. त्यांनी हळूच मावशींच्या पायाकडे पाहिलं, चाकावरच्या हातांकडे पाहिलं.

उतरताना पहिलं वळण सगळ्यात अवघड. एका बाजूला दरी, आणि झाडांच्या सावलीत रस्ता ओला. मावशींनी वेग कमी केला. शेजारचा पाय जिथल्या तिथे होता. ड्रायव्हरसाहेबांनी दोन्ही हात मांडीवरच्या टोपीवर ठेवले होते आणि खालच्या झाडांकडे बघत ते, पहिल्यांदाच कुणाच्या तरी गाडीत, प्रवाशासारखे बसले होते.